मेटलवाल्यांनी पंकमध्ये कुठून शिरावं?

खर्ज

गेल्या रविवारी मावसभाऊ घरी आला होता. वय एकवीस, कानात कायम स्लेयर नाहीतर सेपल्टुरा, म्हणजे मेटल. मी पंकवाल्या रमोन्सचा पहिला अल्बम लावला. तिसरं गाणं सुरू झालं तसा म्हणाला, "दादा, हे मघाचंच चालू आहे ना?" मी काही बोललो नाही, कारण त्याच्या वयात मीही अगदी हेच म्हणायचो. तीन कॉर्ड, सोलो नाही, गायकाला सूर नाही, मग ऐकायचं काय?

तो गेल्यावर विचार करत बसलो, की मला पंक कधी आवडायला लागलं? नेहमीच्या याद्यांमधून नक्कीच नाही. त्या याद्या क्लॅश आणि सेक्स पिस्टल्सपासून सुरू होतात. दोन्ही बँड थोर आहेत, पण मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'वर वाढलेल्या कानाला क्लॅशचं 'लंडन कॉलिंग' मिळमिळीत वाटतं, आणि तो माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मी तर पाच वर्षं गेलो नव्हतो.

मला वाट दाखवली मेटॅलिकानेच. १९९८ मध्ये त्यांचा 'गॅराज इंक.' आला, सगळी दुसऱ्यांची गाणी. आमच्या हॉस्टेलवर एकाने तो आणला होता. त्याच्या आतल्या कागदावर मूळ बँडची नावं होती : डिस्चार्ज, मिसफिट्स, किलिंग जोक, अँटी-नोव्हेअर लीग. यांतलं एकही नाव मला माहीत नव्हतं. डायमंड हेड आणि मर्सिफुल फेट हे मेटलवाले तेवढे ओळखीचे. ती नावं मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आणि पुढची दोन वर्षं एकेक शोधत राहिलो.

म्हणून माझं म्हणणं असं : मेटलवाल्याने पंकमध्ये पुढच्या दाराने शिरू नये. आपल्या आवडत्या बँडनी जे दार उघडं ठेवलंय त्यातून जावं.

माझ्यासाठी ते दार म्हणजे डिस्चार्जचा 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग', १९८२. इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट हे मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव, तिथली ही पोरं. शीतयुद्ध ऐन भरात होतं. अणुहल्ला झाला तर घरात काय काय करावं, याची पुस्तिका ब्रिटिश सरकारने छापली होती, नाव 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह'. डिस्चार्जच्या गाण्याचं नाव 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह'. हेच गाणं पुढे अँथ्रॅक्सने केलं. अल्बमवर चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. शब्द जेमतेम चार-पाच ओळींचे, तेही ओरडून. पण गिटारचा आवाज ऐका. भिंत कोसळतानाचा आवाज आहे तो, आणि थ्रॅशवाल्यांनी, म्हणजे वेगवान मेटलवाल्यांनी, हा आवाज कुठून उचलला ते पहिल्या मिनिटात कळतं.

दुसरा, मिसफिट्सचा 'अर्थ ए.डी.', १९८३. यांचा आधीचा 'वॉक अमंग अस' जास्त गोड आहे, गुणगुणता येतो. पण मेटलवाल्याने आधी 'अर्थ ए.डी.' घ्यावा. मूळ रेकॉर्डवर नऊ गाणी, पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत. मेटॅलिकाचा बासवाला क्लिफ बर्टन, त्याच्या दंडावर मिसफिट्सच्या चिन्हातल्या कवटीचं गोंदण होतं आणि मेटॅलिकाला मिसफिट्सचं वेड त्यानेच लावलं. तो गेल्यानंतरच्या वर्षी, १९८७ मध्ये त्यांनी 'लास्ट कॅरेस' आणि 'ग्रीन हेल' जोडून वाजवलं. त्यातलं 'ग्रीन हेल' या अल्बमवरचं.

आणि तिसरा, ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला, क्रो-मॅग्सचा 'द एज ऑफ क्वारल', १९८६. न्यूयॉर्कचे. या नावाचा अर्थ सांगितला की आपल्याकडचे लोक चमकतात. एज ऑफ क्वारल म्हणजे कलियुग. कलीचा, कलहाचा काळ, अगदी शब्दशः. बँडमधले जॉन जोसेफ आणि हार्ली फ्लॅनगन हरे कृष्ण पंथाकडे ओढले गेले होते आणि हा शब्द त्यांनी तिथूनच घेतला. मुखपृष्ठावर अणुस्फोटाचा ढग. पुढच्या 'बेस्ट विशेस'वर, १९८९ मध्ये, चक्क हिरण्यकश्यपूला मांडीवर घेतलेला नृसिंह. आपण नृसिंह बघतो तो कुलदैवत म्हणून, देव्हाऱ्यात किंवा कॅलेंडरवर. तोच न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहून मोठ्या झालेल्या, मारामाऱ्या केलेल्या पोरांना इतका जवळचा का वाटला असेल, हे संगीत ऐकताना कळतं. 'वुई गॉटा नो'ची सुरुवात ऐका. सगळं एकदम अंगावर येतं. थ्रॅश आवडणाऱ्याला इथे काहीही परकं वाटणार नाही.

बाकी तुम्ही सांगा. मला ठरावीक यादी नकोय, कोणत्या दाराने आत आलात ते सांगा.

नाशिकढोल

उत्तम धागा. मी ड्रम वाजवतो, त्याआधी सात वर्षं तबला, म्हणून माझं दार तालाचं.

डिस्चार्जच्या त्या ठेक्याला जगभर 'डी-बीट' म्हणतात. डी म्हणजे डिस्चार्जचाच डी. बोलात सांगायचा तर असा : *डुम् – ताक् डुम् – डुम् ताक् –*. डुम् म्हणजे पायाचा मोठा ड्रम, ताक् म्हणजे काठीने वाजणारा छोटा ड्रम, स्नेअर. टेबलावर किंवा डब्याच्या झाकणावर उजव्या-डाव्या हाताने वाजवून बघा. आधी सावकाश, मग वाढवत न्या. मधला पायाचा ठोका चारांतल्या तिसऱ्या मात्रेवर पडत नाही, तिच्या आधी एक आणि नंतर एक पडतो, त्यामुळे गाणं सतत पुढे पडल्यासारखं वाटतं. घोड्याची दौड म्हणा हवं तर.

हा एक ठेका घेऊन स्वीडनमध्ये बँडच्या पिढ्याच्या पिढ्या उभ्या राहिल्या. कित्येकांनी नावंही 'डिस' लावून ठेवली. स्टॉकहोमचं डेथ मेटल आवडत असेल, एंटूम्ड वगैरे, तर त्याच्या खाली हाच ठेका आहे. एकदा कान बसला की सगळीकडे ऐकू येतो.

अबोली

खर्ज, धागा आवडला, पण मुद्द्याशी सहमत नाही. तुम्ही मेटलवाल्यांना पंकमध्ये मेटल शोधायला लावताय. 'एज ऑफ क्वारल' त्यांना आवडेलच, अर्धा मेटलच आहे तो. मग त्यांनी नवीन काय ऐकलं?

मी रमोन्सच आधी देईन. फक्त देण्याआधी काय ऐकायचं ते सांगेन. गाणं ऐकू नका, उजवा हात ऐका. त्यांचा गिटारवाला जॉनी रमोन सगळं खालच्या फटक्यांनी वाजवायचा. वर-खाली नाही, फक्त खाली. 'ब्लिट्झक्रीग बॉप'ला सेकंदाला जवळपास सहा फटके, आणि कार्यक्रमात गाण्यामागून गाणं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मी गिटार शिकत होते तेव्हा हे एक गाणं तसं वाजवायचा हट्ट धरला. दीड मिनिटात कोपरापासून मनगटापर्यंत हात पेटला, प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची पट्टी, घामाने फिरून गेलं. नंतर बघितलं तर प्लेक्ट्रमचा एकच कोपरा झिजलेला होता, तिरका. मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड ज्या खालच्या फटक्यांसाठी ओळखला जातो, ते त्याने जॉनी रमोनचं ऐकूनच उचललेत. म्हणजे 'मास्टर ऑफ पपेट्स'वर वाढलेला कान रमोन्सवरच वाढलाय, त्याला माहीत नाही एवढंच.

आणि लांबीचं बघा. रमोन्सचा पहिला अल्बम, १९७६, चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. स्लेयरचा 'रेन इन ब्लड', १९८६, दहा गाणी, एकोणतीस मिनिटं. तुमच्या मावसभावाला हे दोन्ही एका बैठकीत ऐकवा. तासाभरात बैठक उरकते.

रमोन्सने तो अल्बम जेमतेम ६,४०० डॉलरमध्ये केला होता. त्या काळात मोठे बँड एकेका अल्बमवर महिनोन्महिने घालवायचे. वाद्य परत हातात देणारं संगीत आहे हे. मी बारावीत असताना ते ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, की मलाही गाणं करता येईल. मेटलने मला असं कधीच वाटू दिलं नव्हतं. मेटल ऐकून मी हात जोडायचे.

खर्ज

अबोली, शेवटच्या दोन वाक्यांनी मला गप्प केलंत. हात जोडायचे, हे अगदी खरं. तरीही म्हणेन, तुम्ही हातात गिटार घेऊन ऐकत होतात. नुसता ऐकणारा उजव्या हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. बैठकीची कल्पना मात्र घेतली. येत्या रविवारी करतो.

तळजाई ते टोरांटो

माझं दार स्लेयरचंच. १९९६ चा 'अनडिस्प्युटेड अॅटिट्यूड', जवळजवळ सगळी पंक आणि हार्डकोरची (म्हणजे जास्त वेगवान, आक्रमक पंकची) गाणी : मायनर थ्रेट, डी.आर.आय., व्हर्बल अब्यूज, टी.एस.ओ.एल. स्लेयरमध्ये पंकचं वेड गिटारवाल्या जेफ हॅनमनचं. त्याच्या गिटारवर डेड केनेडीज या पंक बँडचं नाव असायचं. 'रेन इन ब्लड'चा तो वेग नुसत्या मेटलमधून आलेला नाही.

पण या अल्बमची एक गोष्ट सांगायलाच हवी. मायनर थ्रेटच्या एका गाण्यात शेवटी स्लेयरने एक शब्द बदलला. मूळ गाणं वॉशिंग्टनच्या शाळेत मायनर थ्रेटचा गायक इयन मकाय याला जो अनुभव आला त्यावरचं, त्यावर आधीच पुष्कळ वाद झालेले. एका शब्दाच्या बदलाने त्याचा अर्थ पार दुसरीकडे गेला. मकायला ते अजिबात पटलं नाही, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं. मेटलमध्ये आपल्याला सैतान, युद्ध, प्रेतं यांच्याबद्दल ऐकायची सवय असते आणि ते कुणी खरं धरत नाही. पंकमध्ये गायक जे म्हणतो ते त्याला म्हणायचंच असतं. शब्दांकडे लक्ष न देता पंक ऐकलं तर अर्धं हातातून निसटतं. मूळ मायनर थ्रेट ऐकायचे असतील तर त्यांची सगळी गाणी एकाच 'कंप्लीट डिस्कोग्राफी'वर मिळतात. त्यांचं 'स्ट्रेट एज' शेहेचाळीस सेकंदांचं आहे. दारू नाही, नशा नाही, एवढंच त्यात म्हटलंय, आणि त्यावरून एक अख्खी चळवळ उभी राहिली.

आणि वॉशिंग्टन म्हटलं की बॅड ब्रेन्स. यांचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? चौघेही कृष्णवर्णीय, आधी जॅझ-फ्यूजन वाजवणारे, नाव घेतलं रमोन्सच्या गाण्यावरून. १९८२ चा पहिला अल्बम फक्त कॅसेटवर निघाला होता. पिवळं मुखपृष्ठ, संसदेच्या घुमटावर वीज कोसळतेय. ज्यांना वाटतं पंकवाल्यांना वाजवता येत नाही, त्यांनी बॅड ब्रेन्सच्या डॉक्टर नोची गिटार ऐकावी. इतक्या वेगात इतकं नेमकं वाजवणारे मेटलमध्येही त्या वर्षी फार नव्हते. मध्येच सगळं थांबतं आणि शांत रेगे सुरू होतं. पहिल्यांदा ऐकताना मी ती रेगे गाणी पुढे ढकलायचो. आता तीच थांबून ऐकतो. मेटलवाल्याला त्यांचा १९८६ चा 'आय अगेन्स्ट आय' आधी सोपा जाईल. त्यातल्या एका गाण्याचं गायन त्यांचा गायक एच.आर. याने तुरुंगातून फोनवरून केलंय. ऐकलं की कळतंच, कुठलं ते.

धाकटा

नमस्कार, मीच तो मावसभाऊ. दादाने लिंक पाठवली. मी चेष्टा नव्हती केली, मला खरंच तेच गाणं वाटलं होतं.

डिस्चार्ज ऐकला. पहिली पाच गाणी फार आवडली, नंतर दमलो. क्रो-मॅग्स तीनदा ऐकला. पण मला सोलो लागतो. सोलोशिवाय गाणं अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. सोलो असलेलं पंक आहे का?

अबोली

आहे, धाकटा, आणि त्यात ओशाळायचं काही कारण नाही. पॉयझन आयडियाचा 'फील द डार्कनेस', १९९०. पोर्टलंडचे. यातलं 'द बॅज' पुढे पँटेराने केलं, म्हणजे तुमच्या ओळखीचं निघेल. गिटार जाड, रांगडी, आणि सोलो हवे तिथे आहेत. दुसरा, सुइसायडल टेंडन्सीजचा १९८३ चा पहिला अल्बम. तो ऐकून झाला की त्यांचेच पुढचे अल्बम क्रमाने ऐका. पंक बँड वर्षागणिक थ्रॅश कसा होत जातो ते दिसेल. रॉबर्ट ट्रुहियो मेटॅलिकात जाण्याआधी याच बँडमध्ये होता.

डेड केनेडीजचा 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स', १९८०, हाही द्या स्वतःला. तिथे सोलो म्हणजे बोटांची कसरत नाही. त्यांच्या ईस्ट बे रेची गिटार समुद्रकाठच्या सर्फ संगीतासारखी आहे, फक्त भुताने झपाटलेली. 'हॉलिडे इन कंबोडिया'ची सुरुवात रात्री एकटं असताना ऐका.

मंदगती

वेगाबद्दलच बोलताय सगळे. मी डूमवाला, म्हणजे संथ, जड मेटलवाला. ब्लॅक सॅबथ, कॅथेड्रल. माझ्यासाठी काही?

खर्ज

मंदगती, तुमच्यासाठी तर फार मोठी गोष्ट आहे.

ब्लॅक फ्लॅगचा 'माय वॉर', १९८४. कॅलिफोर्नियाचे. यांचा 'डॅमेज्ड' सगळ्या याद्यांमध्ये असतो आणि तो हवाच. पण तुम्ही 'माय वॉर'ची दुसरी बाजू लावा. तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर. पंकच्या प्रेक्षकांना वेग हवा होता आणि त्यांचा गिटारवाला ग्रेग गिन याने मुद्दाम सगळं चिखलात नेलं. त्याला सॅबथचं प्रेम होतंच. बास वाजवायला त्या वेळी माणूस नव्हता, तर त्यानेच वाजवली आणि रेकॉर्डवर नाव टाकलं डेल निक्सन. गायक हेन्री रोलिन्स त्या बाजूवर गातोय म्हणण्यापेक्षा कोंडला गेलाय. तेव्हाचे चाहते वैतागले. मेल्विन्स या बँडने मात्र ती बाजू ऐकली आणि तिथून स्लजची, म्हणजे डूम आणि पंकच्या मिश्रणाची, वाट निघाली.

दुसरं नाव, अमेबिक्सचा 'अराइज!', १९८५. इंग्लंडचे, दोघे भाऊ रॉब आणि स्टिग मिलर. मोटरहेड, सॅबथ आणि किलिंग जोक एका पडक्या घरात, हिवाळ्यात, वीज तोडलेली असताना ऐकले तर जे होईल ते. क्रस्टची, म्हणजे मेटलकडे झुकलेल्या काळवंडलेल्या पंकची, सुरुवात इथून धरतात. न्यूरोसिस हा बँड आवडत असेल तर हे त्यांचे पूर्वज. रॉब मिलर नंतर स्कॉटलंडच्या स्काय बेटावर तलवारी घडवणारा लोहार झाला. 'अराइज!' ऐकल्यावर मला यात काहीच नवल वाटलं नाही.

कॅथेड्रलचं नाव घेतलंत म्हणून अजून एक. नेपाम डेथचा 'स्कम', १९८७. अठ्ठावीस गाणी, दोन बाजूंना दोन वेगळे संच, दोन्हीकडे समान माणूस एकटा ड्रमर मिक हॅरिस. पहिल्या बाजूचा गिटारवाला जस्टिन ब्रॉड्रिक पुढे गॉडफ्लेशमध्ये, दुसऱ्या बाजूचा बिल स्टीअर कार्कसमध्ये, आणि दुसऱ्याच बाजूचा गायक ली डोरियन तुमच्या कॅथेड्रलमध्ये. म्हणजे तुम्ही जे मंद संगीत ऐकता ते अतिशय वेगवान पंक रेकॉर्डमधून बाहेर पडलेल्या माणसाने उभं केलं.

मंदगती

ली डोरियनचं हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवतोय.

गिरगाव

आपल्याकडचं कुणी काही लिहिणार का? माझा मोठा भाऊ धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला जायचा. तिथे मेटलचं राज्य होतं, पंकचं नाव कानावर यायचं नाही. पण मुंबईचा स्क्राइब बँड आठवतो ना? हार्डकोरच ते. अल्बमचं नाव 'मार्क ऑफ तेजा', हिंदी सिनेमावर पोसलेल्या पोराला नाव वाचूनच घरचं वाटतं. द रायट पेडलर्सही मुंबईचेच, ते सरळसरळ पंक. ज्या गोष्टींबद्दल आपण चहाच्या टपरीवर बोलतो त्यांवर गाणी. पंकचे शब्द कळायला हवेत असं वर लिहिलंय, तर आपल्या शहराबद्दलचं पंक आधी ऐकायला काय हरकत आहे? मला डिस्चार्जचा राग कळतो, पण लोकलच्या गर्दीतला राग जास्त लवकर कळतो.

खर्ज

गिरगाव, हे माझ्याकडून राहून गेलं, बरं झालं लिहिलंत. स्क्राइब तर धाकट्याला पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

मोटरहेडबद्दलही राहिलं. त्यांच्या लेमीला मेटलवाले आपला मानतात, पण त्याचं मन डॅम्ड आणि रमोन्स या पंक बँडमध्ये होतं. डॅम्डबरोबर त्याने काही काळ बासही वाजवली, आणि १९९१ मध्ये रमोन्सवर गाणं केलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लांब केसवाले आणि टोकदार केसवाले एकमेकांना पाण्यात बघत होते, आणि दोघेही मोटरहेडच्या कार्यक्रमाला येत होते. ज्याच्याकडे मोटरहेडचा 'ओव्हरकिल' आहे त्याच्याकडे एक पंक अल्बम आधीच आहे.

धाकटा

रविवार झाला. अबोलीताईंनी सांगितलं तसं दादाने रमोन्स आणि 'रेन इन ब्लड' पाठोपाठ लावले. मध्ये चहासुद्धा नाही.

रमोन्सच्या वेळी दादाने मला हातात प्लेक्ट्रम दिलं आणि नुसतं हवेत खाली मारत राहायला सांगितलं. दुसऱ्या गाण्याला सोडून दिलं. तो माणूस एकोणतीस मिनिटं थांबत नाही! मग स्लेयर लागलं तेव्हा पहिल्यांदाच सोलोकडे लक्ष गेलं नाही, मागच्या गिटारकडे गेलं. गाणी अजूनही मला एकसारखीच वाटतात, पण आता ती थांबली की राहवत नाही.

परत जाताना बसमध्ये 'माय वॉर'ची दुसरी बाजू लावली. घाटात पाऊस होता आणि बस पाऊण तास जागची हलली नाही. तिन्ही गाणी दोनदा झाली. शेवटच्या गाण्यात तो शब्द सोडून नुसता ओरडायला लागतो तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, बाळ, बरं आहे ना? हेडफोनमधून बाहेर येत होतं.

अमेबिक्स कधी ऐकू?

अबोली

घाट उतरलास की लगेच.